गुलाबी कानांची म्हैस

एका जंगलातल्या तळ्याकाठी म्हशींचा एक कळप राहत असे. ऊन चढायच्या आत अंगभर चिखल माखून घ्यायचा आणि मगच उघड्या माळावर चरायला जायचं, असा त्यांचा रिवाज होता. त्यातल्या एका म्हशीची कातडी भुरी होती आणि कान गुलाबी. मुलांनो, त्या कानांचा तिला भारी तोरा! तळ्यात स्वच्छ अंघोळ करून ती तशीच उन्हात जाई. थोरली म्हैस रागावली, की म्हणे, "मावशी, एवढं देखणं रूप चिखलात लपवू होय?"

असे कितीतरी उन्हाळे गेले. तिच्या पाठीवर बसून किडे टिपणारा बगळा एके दिवशी म्हणाला, "ताई, तुझ्या कानाच्या कडेला फोड आहे. मागच्या पौर्णिमेलाही होता, आता वाढलाय." आपला कान आपल्याला कसा दिसणार! म्हैस म्हणाली, "दुखत नाही, खुपत नाही. तू आपले किडे टीप." पुढे फोडाची जखम झाली, रक्त येऊ लागलं. तेव्हा मात्र बाईसाहेबांनी चिखल लावला. तोही फक्त कानाला, कोणाला दिसू नये म्हणून!

बगळ्याला राहवेना. त्याने थोरल्या म्हशीला सांगितलं आणि तिने अस्वलवैद्याला बोलावलं. अस्वलाने कान धुऊन बराच वेळ न्याहाळला. "हे वर्षानुवर्षांच्या उन्हाचं दुखणं आहे. अर्धा कान कापावा लागेल. पण ते आत उतरलं असेल, तर माझ्या हातात काही नाही."

म्हशीचं रेडकू अजून अंगावर पीत होतं. "वैद्यबुवा, मी वाचेन ना?" तिने विचारलं. अस्वल सुरीला धार लावू लागलं.

कान कापला गेला. अस्वल दर आठवड्याला येई, कुठे गाठ तर आली नाही ना, म्हणून तिची मान चाचपून पाही आणि परत जाई. सगळा कळप जीव मुठीत धरून होता. दोन महिन्यांनी एका सकाळी ते म्हणालं, "वाचलीस. बगळा गप्प बसला असता, तर वाचली नसतीस."

त्याच दिवशी रेडकू माळाकडे उधळलं. त्याचेही कान गुलाबीच होते. म्हैस धावत आडवी गेली आणि त्याला ढकलत चिखलात नेलं. मग मान खाली घालून ती बगळ्याला म्हणाली, "दादा, याचे कान रोज बघत जा. आणि माझा उरलेलाही."

तात्पर्य : कडक उन्हात अंग झाकायला लाजू नये, आणि न भरणारी जखम दुखत नसली, तरी लपवू नये, वेळेवर वैद्याला दाखवावी.