वळणावरचा टक्

“…आवाज कुठनं येतोय, एवढंच सांगा चाचा. पुढचं मी बघतो.”

रसूल मिस्त्रींनी मान वर केली नाही. ते डिझेलच्या डब्यात बेअरिंग धूत होते.

“किती दिवस झाले?”

“तीन आठवडे.”

“आणि माझी आठवण कधी आली?”

“…आज.”

मिस्त्रींनी बेअरिंग कानाशी धरून फिरवलं आणि परत डब्यात बुडवलं.

तासगावात मिस्त्रींचं गॅरेज चाळीस वर्षांपासून होतं. दिगू, म्हणजे दिग्विजय कणसे, त्यांच्या हाताखाली सात वर्षं शिकला. मग दोन वर्षं पुण्याला एका मोठ्या वर्कशॉपमध्ये राहिला. महिन्यापूर्वी त्यानं विटा रोडला स्वतःच्या गॅरेजात काम सुरू केलं होतं, उद्घाटन तेवढं बाकी होतं. त्याच्या पांढऱ्या टी-शर्टवर छातीपाशी निळ्या धाग्यानं त्याचंच नाव भरलेलं होतं. पुण्यात त्याचं पोटही थोडं सुटलं होतं, पण टी-शर्ट घट्ट असल्यामुळे तो ते आत ओढून उभा राहायचा.

बाहेर गाडी उभी होती. काळी, उंच, परदेशी बनावटीची एसयूव्ही. तिच्या दारात आपला चेहरा दिसत होता.

गाडीतून कुंदाताई माळी उतरल्या. बेदाण्याचं कोल्ड स्टोअरेज त्यांच्या मालकीचं. त्या स्वतःच गाडी चालवायच्या आणि चालवताना कुणी बोललेलं त्यांना चालत नसे.

“मिस्त्री, याला सांगा,” त्या म्हणाल्या. “उद्या सकाळी दहाला याच्या गॅरेजचं उद्घाटन. फीत मी कापायची. मी येणार याच गाडीतनं. आणि याच्या फाटकातच डावीकडे वळण आहे.”

“मग?”

“मग काय. चारशे माणसं बोलावलीत यानं. मी वळले की गाडी वाजणार. आणि वाजली, तर मी उतरणारच नाही. तशीच पुढं कोल्हापूरला जाईन, कंपनीत.”

दिगूनं कपाळाचा घाम पुसला.

“काय काय बदललंस?” मिस्त्रींनी विचारलं.

दिगू बोटं मोजू लागला.

“आधी एक्सलचे दोन्ही जॉइंट. तरी वाजली. मग चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या आर्मची रबरी बुशं. तरी वाजली. मग बॉल जॉइंट, मग लिंक रॉड. सगळं ओरिजिनल. मग कॉम्प्युटर लावला. तो म्हणतो, गाडीत दोष नाही.”

“मग उद्या फीत कापायला त्यालाच बोलाव,” कुंदाताई म्हणाल्या.

मिस्त्रींनी हात पुसले. त्यांच्या चष्म्याची एक काडी तुटलेली होती, तिथे त्यांनी तांब्याची तार गुंडाळली होती.

“आवाज पहिल्यापासनं असाच होता?”

“असाच,” दिगू म्हणाला.

“तुला नाही विचारलं.”

कुंदाताईंनी जरा आठवून पाहिलं.

“नाही हो. आधी हरभरे भाजताना फुटतात ना, तसं वाजायचं. वळण संपेपर्यंत कट् कट् कट्. आता एकदाच वाजतं. टक्… कुणीतरी खालनं दार ठोठावल्यासारखं.”

“हे तुम्ही मला सांगितलं नाहीत,” दिगू म्हणाला.

“तू विचारलंस कधी? मी आले की तू गाडीला वायर लावायचास.”

मिस्त्री उठले. चप्पल बाहेर काढून ते कुंदाताईंच्या शेजारच्या सीटवर बसले. दोन्ही तळपाय त्यांनी गाडीच्या तळाला टेकवले आणि डोळे मिटले.

“डावीकडं गोल घ्या.”

गाडी मोकळ्या जागेत गोल फिरली.

टक्.

“उजवीकडं.”

टक्.

दिगू मोबाइल पुढे धरून गाडीबरोबर पळत होता. तो आवाज रेकॉर्ड करत होता. दोन फेऱ्यांत त्याला धाप लागली.

गाडी थांबली. मिस्त्रींनी डोळे उघडले नाहीत.

“दिगू, बोल्ट आवळलेस कुठं?”

“माझ्या लिफ्टवर.” दिगूचा चेहरा खुलला. “चाचा, तुम्ही बघायला या एकदा. बटण दाबलं की गाडी माणसाच्या डोक्यावर. चारी चाकं मोकळी लोंबतात. ताठ उभं राहून काम करायचं. तुमच्या खड्ड्यासारखं नाही, मान वाकडी करून, डोळ्यात माती घेऊन.”

“सगळे बोल्ट तिथंच आवळलेस?”

“सगळे. मापाच्या पान्यानं. कंपनीच्या पुस्तकात दिलंय तेवढेच घट्ट. तीनदा तपासले.”

“चाकं लोंबत असताना.”

“हो.”

मिस्त्री उतरले आणि अनवाणीच गॅरेजमध्ये गेले. त्यांच्याकडे लिफ्ट नव्हती. जमिनीत एक लांबट खड्डा होता. गाडी त्याच्यावर उभी करायची आणि माणसानं पायऱ्यांनी खाली उतरायचं. खड्ड्याशेजारी, छताच्या खाली, इंजिन उचलायचा लोखंडी गर्डर होता.

मिस्त्रींनी त्याच्याकडे बोट केलं.

“लोंबकळ.”

“कोण?”

“तू.”

दिगूनं कुंदाताईंकडे पाहिलं. कुंदाताई प्लास्टिकची खुर्ची ओढून नीट बसल्या.

“चाचा, चार वाजलेत. मंडपवाला थांबलाय.”

“लोंबकळ.”

दिगू स्टुलावर चढला. त्यानं गर्डर धरला. मिस्त्रींनी पायानं स्टूल बाजूला सारलं.

दिगू लोंबकळू लागला. त्याचे बूट जमिनीपासून वीतभर वर होते. सात वर्षांचा शिष्य आणि उद्याचा मालक, कैऱ्यांच्या घोसासारखा हलत होता.

हात वर गेल्यामुळे त्याचं पोट आत गेलं होतं. कमरेचा पट्टा सैल झाला होता.

मिस्त्री जवळ आले. त्यांनी पट्टा धरला आणि ओढला. एक भोक… दोन भोकं… तीन. मग मध्ये बोट घालून पाहिलं. बोट जाईना.

“बरोबर आवळलाय?”

“बरोबर,” दिगू वरून म्हणाला.

“दुखतं?”

“नाही.”

“कॉम्प्युटर लावला तर काय म्हणेल?”

“…दोष नाही.”

“उतर.”

दिगूनं हात सोडले.

तो जमिनीवर आला आणि त्याच्या मागोमाग त्याचं पोटही जागेवर आलं. त्याचे डोळे मोठे झाले. तो काही बोलला नाही, कारण बोलायला श्वास लागतो.

“माझी चप्पल बाहेर राहिली,” मिस्त्री म्हणाले. “आण जरा.”

दिगू लाकडी बाहुलीसारखा चालत दारापर्यंत गेला. चप्पल डाव्या बाजूला होती. तो डावीकडे वळला आणि वाकला.

टक्.

बकलाचा काटा तुटून उडाला, ऑइलच्या रिकाम्या डब्यावर आपटला आणि गरगरत खड्ड्यात पडला. दिगूनं एका हातानं चप्पल धरली, दुसऱ्या हातानं पँट.

कुंदाताई खुर्चीतून म्हणाल्या, “हाच आवाज.”

मिस्त्री पुन्हा डब्याशी बसले होते. बेअरिंग धुऊन झालं होतं, तरी ते धूत होते.

दिगू दारातच उभा राहिला. त्यानं गाडीकडे पाहिलं, गर्डरकडे पाहिलं, मग कमरेकडे. त्याचे ओठ हलत होते.

“जॉइंट काढायला आर्मचे बोल्ट खोलले, ते गाडी लोंबत होती तेव्हाच आवळले,” तो हळूच म्हणाला. “खाली आली… वजन आलं… आर्म वर सरकले. रबर पिळलेलंच राहिलं. म्हणजे वळलं की…”

मिस्त्रींनी बेअरिंग डब्याबाहेर काढलं.

“म्हणजे चाचा, पहिल्या दिवशी जॉइंट बदलले, तेव्हाच पहिला आवाज गेला होता?”

मिस्त्रींनी ते कानाशी धरून फिरवलं.

“आणि हा दुसरा मी घातला?”

“तीन आठवडे,” कुंदाताई म्हणाल्या. “न चुकता.”

दिगूनं चप्पल मिस्त्रींच्या पायांशी ठेवली. मग त्यानं एका हातानं पँट धरून, एका हातानं स्टिअरिंग फिरवत गाडी खड्ड्यावर घेतली. हे त्याला सोपं गेलं नाही. गाडी दोनदा बंद पडली.

खड्ड्याच्या पायऱ्यांशी तो घुटमळला. खाली काळं तेल साचलेलं होतं. अंगातला टी-शर्ट पांढरा होता आणि कामाला दोन्ही हात लागणार होते.

“जा, जा,” कुंदाताई म्हणाल्या. “खड्ड्यात पँट कुणी बघत नाही.”

तो उतरला.

त्यानं आर्मचे बोल्ट सैल केले. मिस्त्री वर उभे होते. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि गाडी दोनदा दाबली. गाडी हलली, मग आपल्या वजनावर निवांत बसली.

“आता?” खालून आवाज आला.

“चाकं कुठं आहेत?”

“जमिनीवर.”

“मग कुणाला विचारतोस?”

बोल्ट आवळल्याचा आवाज आला. एक, मग दुसरा. बराच वेळ दिगूचं नुसतं डोकं दिसत होतं आणि त्यावर माती पडत होती. त्यानं ती पुसली नाही.

कुंदाताईंनी गाडी बाहेर काढली. डावीकडे गोल घेतली. मिस्त्री दारात उभे होते आणि दिगू त्यांच्या मागे, श्वास रोखून.

काहीच वाजलं नाही.

उजवीकडे घेतली. नुसते खडे चिरडल्याचे आवाज.

कुंदाताईंनी पुन्हा डावीकडे घेतली, मग पुन्हा उजवीकडे. त्यांचा विश्वास बसत नव्हता. शेवटी त्यांनी काच खाली केली.

“गेला.”

दिगूनं दोन्ही हात जोडायला उचलले आणि पँट घसरायला लागताच एक हात परत खाली नेला.

“चाचा…” तो म्हणाला. त्याच्या छातीवरचं नाव आता तेलामुळे वाचता येत नव्हतं. “उद्या या ना. पत्रिका छापली, त्यात तुमचं नाव… घालायचं राहिलं.”

“राहिलं?”

“…घातलं नाही.”

मिस्त्रींनी मान हलवली. ते भिंतीकडे वळून खिळ्यावर अडकवलेल्या वस्तू चाचपू लागले.

“मी आणते त्यांना,” कुंदाताई गाडीतून म्हणाल्या. “दहाला. शेजारच्या सीटवर. फाटकात वळताना ऐकायला कुणीतरी पाहिजेच.”

मिस्त्रींनी खिळ्यावरून जुन्या ट्यूबची एक लांब पट्टी काढली आणि दिगूच्या हातात दिली.

“बांध कमरेला. असाच जाणार आहेस का मंडपवाल्याकडं?”

दिगूनं पट्टी कमरेभोवती घेतली. मग त्याच्या लक्षात आलं, कुंदाताई काचेतून बघत आहेत. तो ताठ झाला. त्यानं छाती पुढे काढली, पोट आत ओढलं आणि गाठ मारायला घेतली.

मिस्त्रींनी त्याचा हात धरला.

“श्वास सोड,” ते म्हणाले. “…मग बांध.”