धक्क्यावरची करवंटी

कांदळबंदरच्या धक्क्याच्या टोकाला एक खांब आहे आणि त्याला दोरीने बांधलेली नारळाची करवंटी. पाहुणे विचारतात, ही कशाला? तर खाडीचं पाणी तोंडात घ्यायला.

फार मागे इथे धक्का नव्हता, असे सांगतात. खाडीच्या तोंडाशी खडप होतं आणि त्याच्या कपारींत तांब मासळी, खेकडे, कालवं सुखाने नांदत. गावातल्या सगळ्यात मोठ्या गलबतवाल्याला, पदाजी नाखव्याला, वाटलं की मासळी दारातच कोंडावी. त्याने खडप फोडलं, त्याच दगडांचा बांध, म्हणजे आजचा हा धक्का, घातला आणि सगळ्या फटी चुन्याने लिंपल्या. भरतीबरोबर मासे आत घ्यायला एक दार तेवढं ठेवलं.

पाणी कोंडलं आणि कुजलं. गावानेही मागेपुढे पाहिलं नाही. माशांची आतडी, शेण, खरकटं, सगळं त्यातच. तांब दारातून निघून गेली ती आलीच नाही. उरले ते शिंगाळे, घाण गिळून फुगलेले.

बांधालगतच्या आवडाबायची सून नाथी बाळंतीण होती. अंगावर दूध येईना, तान्हं रडून निळं पडायचं. बाळंतिणीला दुधासाठी मुडदुशी हवी, ही वाळूतली मासळी मिळेना. आवडाबायने नाइलाजाने शिंगाळा चिरला. पोटातून काळा गाळ आला, गाळात केसांचा गुंता आणि त्यात कंगव्याचा मोडका दात. कंगवा तिचाच, तिनेच पाण्यात भिरकावलेला. तिला माशाची किळस आली, त्याहून स्वतःची. तरी तिने तो धुऊन धुऊन रांधला. नाथीने घास घेतला आणि भडाभडा ओकली.

नारळी पुनवेला सारा गाव बांधावर जमला. आवडाबायने करवंटीभर पाणी तोंडात घेतलं, डोळ्यांत पाणी येईस्तोवर धरलं आणि थुंकली. मग करवंटी पुढे केली.

"नाखवा, या पान्यातली मासली आमी पोरीबालांना चारताव. तुमी एक घोट तोंडान घ्या."

चारचौघांत नाही कसं म्हणणार? पदाजीने घोट घेतला आणि तिथेच ओकला. हातातला नारळ निसटला, तो घाणीच्या सायीवर बसून राहिला. ओहोटी लागली तरी, म्हणे, तो तसूभर हलला नाही. समुद्राने नारळ नाकारला, हे पदाजीला कळलं. त्याने स्वतः पहार घेऊन चुना फोडला.

फटींतून पाणी खेळू लागलं. हळूहळू तांब परतली आणि बांधाच्या भेगांत राहू लागली. दगड तिच्या ओळखीचेच होते. वाळूत मुडदुशी आली आणि नाथीच्या अंगावर दूध आलं.

आजही पुनवेला नारळाआधी नाखव्याच्या घरचा म्हातारा करवंटीने चूळ भरतो. पाणी नुसतं खारट लागलं तरच नारळ सुटतो आणि होड्या निघतात. गेल्या वर्षी त्याने तोंड वाकडं केलं, थुंकला आणि करवंटी सरपंचापुढे धरली. नारळ घरी परत गेला. गाव गुडघाभर पाण्यात उतरून प्लास्टिकच्या पिशव्या उपसू लागला.