नावांच्या भुयाराची मोरी

एका राज्यात प्रजेची खरी नावे राजवाड्याखालच्या भुयारात, काचेच्या कुप्यांत जपून ठेवीत. त्या ठेव्याला शाप होता. कुपी ज्याच्या मुठीत, त्याचा त्या नावाचा माणूस दास. नाव चोरीला गेले की माणूस घरदार विसरून, कुणी हाक मारल्यासारखा रानात निघून जाई. असे पुष्कळ गेले. तरी राजा धृतिसेन म्हणे, भुयाराला कालकंठ मांत्रिकाची दारे आहेत, तिथे वारादेखील शिरणार नाही.

नंदाक्षी नावाची एक मंत्रभेदी होती. बांधलेल्या मंत्रातली फट हुडकणे ही तिची विद्या. तिची धाकटी बहीण चंपावती अशीच रानात निघून गेली, तेव्हा ती राजापुढे उभी राहिली.

"महाराज, भुयारात शिरण्याची आज्ञा द्या. मी शिरेन तिथूनच चोर शिरत असणार."

"आतले काय नेशील?"

"काही नाही. एक फूल ठेवून परत येईन."

कालकंठाला हा आपला अपमान वाटला. राजाने तरीही आज्ञा दिली.

पहिल्या दारावर साळुंकी परवलीचा शब्द विचारी. नंदाक्षी निवांत पायरीवर बसून राहिली. एकटेपणाला कंटाळलेल्या साळुंकीने तो शब्द स्वतःशीच गुणगुणला. दुसऱ्या दारावरचा दगडी सिंह राजमुद्रा पाहून वाट देई. त्याने मेणाची मुद्राही खरी मानली. तिसरे दार अग्नीचे. तिथे मात्र तिची विद्या चालेना, पदर होरपळला. मागे सरताना तिला भिंतीतली पाण्याची मोरी दिसली. तिच्यावर मंत्रच नव्हता. ती वाकून आत गेली.

चंपावतीच्या कुपीची जागा रिकामी होती. शेजारीच राजाची कुपी होती. ती उचलली असती, तर सारे सैन्य बहिणीला शोधायला रानात धाडता आले असते. नंदाक्षीचा हात पुढे झाला, पण तिने तो आवरला. मग तिने बहिणीच्या रिकाम्या जागी शेवंतीचे फूल ठेवले नि ती परतली.

भर दरबारात कालकंठाने वाट विचारली. ती म्हणाली, "फट बुजेपर्यंत चारचौघांत सांगणार नाही. चोरालाही कान असतात."

एकांतात तिने कालकंठाला सगळे सांगितले.

"मोरी माझीच," तो म्हणाला. "माझ्या येण्याजाण्याच्या सोयीसाठी मंत्राविना ठेवली होती."

त्याने स्वतःच्या हाताने मोरीवर मंत्र बांधला. पहाटे त्यात एक बगळा अडकला. तो होता बगळ्याचे रूप घेऊन नावे चोरणारा रानातला चेटक्या. त्याच्या धडपडीत गळ्यातल्या कुप्या खळकन फुटल्या, हरवलेल्यांचा शाप सुटला, आणि नावे आपापल्या माणसांकडे उडाली. दुपारी चंपावती अंगणात आली आणि भूक लागली म्हणाली. नंदाक्षीने पान मांडले.

पुढे कालकंठाने तिन्ही दारे नव्याने बांधली आणि तो स्वतः नंदाक्षीच्या उंबऱ्याशी आला.

"बघ, फुटतात का," तो म्हणाला.

तिने पदर खोचला नि भुयाराची वाट धरली. तेव्हापासून त्या राज्यात माणसे आपापल्या नावाने निर्धास्त नांदली.