आडवेळच्या बांगड्या

हा जांभ्या दगडाचा चौथरा बघितलात ना? येणारा प्रत्येक पाहुणा इथे टेकतो, समुद्राचा फोटो काढतो आणि मग विचारतो, काका, इथे कोणती देवी? देवी कोणतीच नाही. मूर्ती नाही, पादुका नाहीत, पुजारीही नाही, तेव्हा नारळ फोडायची घाई करू नका. या हिरव्या बांगड्या दिसतात त्या आमच्या आडवेळच्या बायका ठेवतात. नीट बघा, एकही फुटलेली नाही. आमच्या गावात नवरा गेला तरी बाईच्या बांगड्या फोडत नाहीत. हल्ली इतर गावंही तसे ठराव करतात, चांगलंच आहे. आमच्याकडे ठराव कधी झालाच नाही. आमच्याकडे एक बाई होऊन गेली. बसा, ऊन उतरेपर्यंत सांगून होईल.

खाली समुद्र आज किती गरीब दिसतोय. तुमच्यासारखे लोक म्हणतात, काय शांत गाव आहे हो. आम्हीही हो म्हणतो. कोणत्या सालची गोष्ट ते कुणी लिहून ठेवलं नाही. माझ्या आजीला तिच्या सासूने सांगितली, सासूला तिच्या सासूने. तेव्हा वस्ती अशी वर नव्हती. सगळी घरं खाली पुळणीवर, वाळूतच, माडांच्या सावलीत. वर चढणीला एकच घर होतं, रावजी तांडेलाचं. तुम्ही बसला आहात तिथेच. त्याच्या बायकोचं नाव तानू.

रावजी होडीवरचा प्रमुख, समुद्रातला जाणता माणूस, पण त्या दिवसांत तापाने अंथरुणाला खिळला होता. दहा-बारा दिवस झाले तरी ताप उतरेना. गावाने मनातून त्याची आशा सोडली होती. तानूने मात्र सोडली नव्हती. पेज भरवायची, काढा द्यायची, आणि दुपारी दारात बसून जाळं विणायची.

फाल्गुनातली अष्टमी होती असं सांगतात. सकाळी फळीवरची भांडी आपोआप वाजली म्हणे. लोक बाहेर आले, एकमेकांकडे बघून हसले आणि परत कामाला लागले. मग थोड्या वेळाने समुद्र मागे जायला लागला. जातच राहिला. कधी उघडे न पडलेले खडक उघडे पडले, आणि त्यांच्यामध्ये चिखलात मासे तडफडू लागले. सरंगे, पालू, हातभर लांबीचे घोळ. गावाने असं कधी पाहिलं नव्हतं. सगळे टोपल्या घेऊन धावले. म्हातारे धावले, लेकुरवाळ्या धावल्या. दर्याने आज हात मोकळा सोडला असं म्हणत होते. त्यांना नावं ठेवू नका. दोन वेळची चूल ज्याच्यावर पेटते, ते समोर लोळत असताना तुम्ही-आम्हीही धावलो असतो.

तानू वरून बघत होती. तुम्हाला सांगतो, पुनवेला आणि अवसेला समुद्राला उधाण असतं, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही. अष्टमीला असतो भांग. पाणी थोडं चढतं, थोडं उतरतं. हे इथल्या लहान पोरीलाही ठाऊक असतं. पण मासे दिसल्यावर तिथी कोण मोजतो? तानूने मोजली. ती धावत अर्ध्या चढणीपर्यंत खाली गेली आणि ओरडली, "वर येवा! आज आठम. भांगाच्या दिसाक पाणी इतक्या लांब जायत कसा?" वर कुणीच आलं नाही. दोघी-तिघींनी तिलाच टोपली घेऊन बोलावलं.

लाट येणार हे तिला कळलं होतं असं आमच्याकडे कुणी सांगत नाही. उगाच चमत्कार करून ठेवलेला नाही तिचा. एवढं मागे गेलेलं पाणी तेवढंच पुढे येणार, इतकंच तिच्या मनात आलं. आणि ती घराकडे परतली.

गावात एक रीत होती. मरणाचा आक्रोश कानावर आला की हातातलं काम जागच्या जागी टाकायचं आणि त्या घरी जायचं. जाळ्यात मासा असला तरी जाळं सोडायचं. तानू आत गेली, नवऱ्यापाशी बसली आणि म्हणाली, "डोळे मिटून पडान रवा. हलू नकात." मग अंगणात आली. कपाळावरचं कुंकू पुसलं. उंबऱ्याच्या दगडावर दोन्ही हात आपटून हिरवा चुडा फोडला. आणि नवऱ्याच्या नावाने तिने जो हंबरडा फोडला, तो खालच्या शेवटच्या खडकापर्यंत पोचला म्हणे. तो खोटा होता असं मला वाटत नाही. बारा दिवस तिने तो गिळून धरला होता. आत रावजी डोळे मिटून आपल्याच मरणाचं रडणं ऐकत पडला होता.

टोपल्या टाकून माणसं चढण चढू लागली. दोनशेच्या वर माणसं या माळावर जमली. बाया तानूला धरून रडू लागल्या, पुरुष माना खाली घालून उभे राहिले. कुणी बांबू तोडायलाही गेला. रावजीने श्वास धरवेल तेवढा धरला. पण तापाचा माणूस तो, त्याला खोकला आला.

सगळं अंगण दाराकडे वळलं. पुढे काय झालं असेल ते तुम्हीच समजा. सवाष्णीने जिवंत नवऱ्यावर चुडा फोडायचा, याहून मोठं अभद्र आमच्याकडे नव्हतं. धाकू नावाचा एक रागीट गडी होता. तो म्हणाला, "जित्या घोवाचा रडाण घालता ही. गावाक खुळो केल्यान." आणि सांगायला लाज वाटते, पण हा धाकू आमच्याच घरातला. माझ्या पणजोबांचा बाप. तो टोपलीकडे परत निघाला, त्याच्यामागे बावीस पुरुष निघाले. बाकीचे पुरुष आणि सगळ्या बाया अंगणातच राहिल्या, कोणी तानूला शिव्या देत, कोणी तिचे रक्ताळलेले हात पुसत.

तेव्हा रावजी उठला. भिंतीला धरून दारापर्यंत आला. तानूने त्याला अडवलं, त्याने तिचा हात सोडवला. "माज्या बायलेन चुडो फुकट फोडूक नाय," एवढंच तो म्हणाला आणि कांबळं अंगावर घेऊन त्या तेवीस जणांच्या मागे चढण उतरू लागला. तांडेलाची हाक ते ऐकतील असं त्याला वाटलं असावं. काही जण थांबलेही म्हणे, वळलेही. पण तोवर क्षितिजावर पांढरी रेघ दिसली होती.

वरच्या बायांनी सगळं पाहिलं. पुळणीवरचं एकही घर उरलं नाही. चोवीस पुरुष गेले.

दुसऱ्या दिवशी, जे सापडले त्यांना अग्नी दिल्यावर, म्हाताऱ्या बायका रीत करायला बसल्या. सर्वांत आधी त्यांनी धाकूच्या बायकोला, येसूला, पुढे ओढलं. वीस-बावीस वर्षांची होती ती. तिचा हात दगडावर टेकवला तेवढ्यात तानू उठून आली. तिने येसूची दोन्ही मनगटं आपल्या हातांत घट्ट धरली आणि म्हणाली, "हिका हात लावू नकात. ह्या गावाच्या वाट्याच्यो बांगड्यो मी कालच फोडलंय."

त्या दिवशी एकाही बाईची बांगडी फुटली नाही. पुढेही नाही.

स्वतः तानू मात्र तीस वर्षं मोकळ्या हातांनी जगली. दर फाल्गुनात गाव तिच्यापुढे चुडा घेऊन यायचं, ती परत पाठवायची. "मी त्येका जितो आसताना रडलंय, म्हणान तो गेलो," असं म्हणायची. तू दोनशे माणसं वाचवलीस असं लोक सांगत, ती ऐकून घेई. तिला ते कधी पटलं नाही. मला या गोष्टीतलं सर्वांत जास्त हेच लागतं. ती गेली तेव्हा येसू, स्वतः विधवा, हिरवा चुडा घेऊन आली. ताठरलेल्या हातांवर बांगड्या चढेनात. येसूने खोबरेल चोळून एकेक बांगडी चढवली, कुणाला न विचारता. मग गावाने त्या घराच्या दगडांचा हा चौथरा बांधला.

आजही आडवेळात एखादीचा नवरा गेला की तिच्याकडे आधी एक विधवा बाई जाते. रडत नाही, बोलत नाही. तिची दोन्ही मनगटं धरून बसते, नवऱ्याला घरातून नेईपर्यंत सोडत नाही. माझं वय एकोणऐंशी, छातीचं दुखणं आहे. शेजारच्या इंदूवहिनींचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली. परवा मी ओटीवर डोळा लागल्यासारखा पडलो होतो, तेव्हा आमची ही कुंपणापाशी त्यांना हळूच म्हणत होती, "वेळ इली की तूच ये गो. माजे हात धरूक दुसऱ्या कोणाक पाठव नको."