गाठ सुटेना, कुंची होईना

एक होती चिचुंद्री. तिचं नाव ठुमी. नाक लांब, पाय आखूड, राग नाकाच्या शेंड्यावर.

ठुमीच्या भावाला पिल्लू झालं. वालाच्या दाण्याएवढं. आज त्याचं बारसं. ठुमी त्याची आत्या. कुंची घालायची आत्याने. कानात नाव सांगायचं आत्याने. आत्या नाही तर नाव नाही. मग बाळाला हाक काय मारणार? ए? ओ? शुक शुक?

ठुमीने कुंची शिवली होती. तिला लेस लावली होती, जाड दोऱ्याची. काल बाळाला घालून बघितली. लेस टोचली. कान लाल झाला. बाळ रडलं, चूं चूं चूं!

वहिनी म्हणाली, "आत्याबाई, ही लेस आहे की काटेरी कुंपण?"

झालं! ठुमी चिडली. लेस उसवली. फेकून दिली. बारीक दोरा आणला. इतका बारीक, की श्वास सोडला तर उडतो. असा दोरा तिने कधी धरला नव्हता.

"बघाच आता!" ठुमी म्हणाली.

तिने धोटा घेतला. धोटा म्हणजे इवली होडी. होडीच्या पोटात दोरा. टिक टिक, एक गाठ. टिक टिक, दुसरी गाठ. गाठींची रांग झाली. दोरा ओढला. रांग वळली. गोल कडं मिटलं! कड्याला कडं, कड्याला कडं, कुंचीभर लेस.

शेवटचं एकच कडं राहिलं. ठुमीने घाई केली. प्रत्येक गाठ ताणून पालटायची असते, तरच ती दोऱ्यावर सरकते. एक गाठ पालटायची राहिली. दोरा ओढला, सरकेना! ठुमीने नख घातलं. नख जाडं. ठुमीने दात लावला. दात जाडा.

वहिनीने हाक मारली, "आत्याबाई, येताय ना? की बाळाला मिशा फुटल्यावर येणार?"

ठुमीचं नाक फुगलं. शिंजीर पक्ष्याची चोच बारीक. तो सोडवील. कुंची पाठीवर, धोटा कुंचीत, ठुमी निघाली. तुरू तुरू तुरू.

"शिंजीरदादा, शिंजीरदादा, गाठ सोडव!"

"का गं ठुमे?"

"गाठ सुटेना,
कडं मिटेना,
कुंची होईना,
बाळाला नाव मिळेना!"

शिंजीर म्हणाला, "मी नाही जा! मी उपाशी. जास्वंदीची कळी उमलेना. ती उमलू दे, मध मिळू दे. मग सोडवीन."

"एवढीशी तर गाठ!"

"नाही म्हणजे नाही."

ठुमीच्या मिशा थरथरल्या. तुरू तुरू तुरू. गेली कळीकडे.

"कळीताई, कळीताई, उमल!"

"का गं ठुमे?"

"शिंजीर सोडवीना,
गाठ सुटेना,
कडं मिटेना,
कुंची होईना,
बाळाला नाव मिळेना!"

कळी म्हणाली, "मी नाही जा! मी तहानलेली. झारी पाणी ओतेना. ती ओतू दे, घसा भिजू दे. मग उमलेन."

ठुमीचे कान लाल झाले. तुरू तुरू तुरू. गेली झारीकडे.

"झारीबाई, झारीबाई, पाणी ओत!"

"का गं ठुमे?"

"कळी उमलेना,
शिंजीर सोडवीना,
गाठ सुटेना,
कडं मिटेना,
कुंची होईना,
बाळाला नाव मिळेना!"

झारी म्हणाली, "मी नाही जा! मी रिकामी. नळ वाहीना. तो वाहू दे, पोट भरू दे. मग ओतीन. आणि ओरडू नकोस गं! माझ्या पोटात घुमतंय!"

ठुमीने शेपूट आपटलं. फट्! तुरू तुरू तुरू. गेली नळाकडे.

"नळोबा, नळोबा, वाहा!"

"का गं ठुमे?"

"झारी ओतेना,
कळी उमलेना,
शिंजीर सोडवीना,
गाठ सुटेना,
कडं मिटेना,
कुंची होईना,
बाळाला नाव मिळेना!"

नळ म्हणाला, "मी नाही जा! माझा कान पिळावा लागतो. आबा माळी उठेनात. ते उठू देत, कान पिळू देत. मग वाहीन."

"मीच पिळते!" ठुमी म्हणाली. उडी मारली. नळाच्या कानाला लोंबकळली. हूं... हूं... हूं... कान हलेना. नळ हसला. ठिबक! एकच थेंब पडला. ठुमीच्या नाकावर.

आता तर ठुमीचे केसच उभे राहिले. तुरू तुरू तुरू. गेली आबांकडे. आबा चिंचेखाली बसले होते, पाय पसरून.

"आबा, आबा, उठा!"

"कोण किचकिचतंय? का गं चिचुंद्रे?"

"नळ वाहीना,
झारी ओतेना,
कळी उमलेना,
शिंजीर सोडवीना,
गाठ सुटेना,
कडं मिटेना,
कुंची होईना,
बाळाला नाव मिळेना!"

आबा म्हणाले, "मी नाही जा! मला दिसत नाही. चष्म्याची दांडी निखळली. नळ समजून विंचू पिळला तर? तू येशील का फुंकर घालायला? चष्म्याला सांग, नीट बस नाकावर. मग उठतो."

चष्मा आबांच्या मांडीवर पडला होता. दांडी इकडे, काचा तिकडे. ठुमी मांडीवर चढली.

"चष्मेराव, चष्मेराव, नाकावर बसा!"

"का गं ठुमे?"

ठुमीने मोठ्ठा श्वास घेतला.

"आबा उठेनात,
नळ वाहीना,
झारी ओतेना,
कळी उमलेना,
शिंजीर सोडवीना,
गाठ सुटेना,
कडं मिटेना,
कुंची होईना,
बाळाला नाव मिळेना!"

चष्मा म्हणाला, "मी नाही जा! माझा स्क्रू पडला. नुसतं भोक राहिलं, मोहरीहून बारीक. आबांनी सुतळी आणली, जाईना. शिवायचा दोरा आणला, जाईना. भोकात जाईल असा दोरा दे. मग बसतो."

ठुमीने कुंची उतरवली. तिने धोट्यात बघितलं. दोरा उरला होता बोटभर. शेवटच्या कड्याचा.

मग ठुमी ओरडली. काय ओरडली!

"एक उपाशी! एक तहानलेली! एक रिकामी! एकाचा कान पिळा, एकाला नाकावर बसवा! सगळ्यांना काही ना काही हवं! तिकडे माझं बाळ बिननावाचं पडलंय, त्याचं कुणाला काही आहे का?"

चिंचेवरचे कावळे उडाले. आबांनी पाय आखडून घेतले.

"घ्या दोरा!" ठुमी म्हणाली. दातांनी तोडला. कट्ट! अर्धा दिला, अर्धा ठेवला.

दोरा भोकात गेला. सर्र! टिक टिक, गाठ मारली. ताणली. मुद्दाम पालटली नाही. घट्ट बसली.

मग काय!

चष्मा नाकावर बसला, खट्ट!
आबा उठले, कट कट कट!
नळाचा कान पिळला, कुंई!
नळ वाहिला, भळ भळ भळ!
झारी भरली, गुडुक गुडुक!
झारी ओतली, झुळ झुळ झुळ!
कळी उमलली, फुस्स!
शिंजीर मध प्याला, सुर्र सुर्र!
शिंजिराने चोच घातली, टुच्च!
गाठ सुटली!

शिंजीर म्हणाला, "हात्तिच्या, एवढीशी तर होती!"

ठुमीने त्याच्याकडे असं बघितलं, असं बघितलं, की तो उडूनच गेला. भुर्र!

ठुमीने कडं पुरं केलं. टिक टिक, टिक टिक. दोरा अर्धाच होता. शेवटचं कडं लहान झालं. झालं तर झालं. ते कानामागे जातं.

ठुमी पळत घरी आली. तुरू तुरू तुरू तुरू! सगळे पाळण्याभोवती बसले होते. ठुमीने बाळाला कुंची घातली. बाळाने कान हलवला. सगळे बघत राहिले. आता रडतंय... आता रडतंय...

बाळाने जांभई दिली.

वहिनीने लेसवरून बोट फिरवलं. "अगंबाई! टोचतच नाही हो!"

"टोचेल कशी? मिशांचं बोलायच्या आधी जरा थांबावं!"

वहिनीने मान खाली घातली. "चुकलं माझं, आत्याबाई. बसा, पाळण्याशी बसा."

"हं!" ठुमी म्हणाली. नाक अजून फुगलेलंच. पाळण्याशी बसली. बाळाच्या कानाशी वाकली. अगदी हळू बोलली.

"कुर्रर्र! बकुळा!"

बाळाला नाव मिळालं. घुगऱ्या वाटल्या. सगळ्यांनी एकेक मूठ घेतली. ठुमीने दोन घेतल्या. एक आत्या म्हणून. एक चिडली म्हणून.

घुगऱ्या संपल्या. गोष्टही संपली.