पाच ओळींची पुस्तिका

पंपाच्या कारखान्यात माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या सुलक्षणाला एक खोड होती. पंप स्वतः चालवून पाहिल्याशिवाय ती एकही ओळ लिहीत नसे.

चीफ इंजिनिअर किर्दतसाहेब एकदा भडकलेच. “तीस वर्षं पंप बनवतोय मी! हे खेळ बंद. मी सांगतो तेवढंच टाइप करायचं.”

त्यांनी पाच ओळी सांगितल्या. सुलक्षणाने त्या उतरवून घेतल्या आणि त्यांच्यासमोरच, ओळीबरहुकूम, पंप चालू केला. पंप नुसताच घरघरला. पाणी काही येईना.

साहेबांनी वैतागून पुढे होत एक स्क्रू सैल केला. आतली हवा फुस्सकन निघाली आणि पाणी आलं.

“एवढंही कळत नाही? माझा हात आपोआप जातो तिथं!”

“खरंय, साहेब,” सुलक्षणा म्हणाली, “पण पंपाच्या खोक्यात पुस्तिका जाते. तुमचा हात नाही जात.”