धुक्यातली तुतारी

फार जुन्या काळी, जेव्हा राजे पुष्कळ होते आणि पूल एकही नव्हता, एका रुंद नदीकाठी एक नावाडी आणि त्याची बायको राहत होते. माघ लागला की नदीवर असं धुकं उतरे की वल्ह्यावरचा स्वतःचा हात दिसेना. त्यात खालच्या अंगाला मोठा धबधबा. म्हणून काठावरून तुतारी वाजे आणि आवाजाच्या रोखाने नाव घरी येई. त्या साली नेमकी तीच तुतारी फुटली.

बायकोने जुन्या बाजारातून दुसरी आणली. पितळेचीच, पण काळी पडलेली. बायकोचा बाप तुतारी वाजवणारा, त्यामुळे फुंकायचं कसब तिच्या अंगात होतं. तिने फुंकली, तर नुसती हवा फुसफुसली. ती तांबटाकडे धावली.

"बाबा, चार दिवसांत माघ लागतोय. माझा माणूस पाण्यावर असतो."

म्हाताऱ्या तांबटाने तुतारीत ऊन पाणी ओतलं. कुंभारमाशीने आत बांधलेलं मातीचं घर भिजून बाहेर पडलं. मग दोरीला चिंधी बांधून तो दोन दिवस या तोंडातून त्या तोंडाकडे ओढत बसला. तिसऱ्या दिवशी रुंद तोंडात बोळा कोंबून त्याने ती काहिलीतल्या पाण्यात बुडवली आणि बारीक तोंडातून फुंकर घातली. जिथून बुडबुडे आले तिथे भोक. अशी सात भोकं निघाली. ती वितळलेल्या कथलाने झाळून बुजवता बुजवता चौथा दिवसही सरला.

शेजारच्या दुकानदाराने नाक मुरडलं. "चार दिवस घालवले आणि चिंच काही लावली नाही!"

बाईला रडू आलं. "बाबा, ही तर होती तशीच काळी."

"पोरी, चकाकी डोळ्यांसाठी असते. धुक्यात तुझा नवरा डोळ्यांनी घरी येणार आहे का?"

बाईने डोळे पुसले. तुतारी घेऊन घरी गेली.

दुसऱ्या सकाळी धुकं उतरलं. नाव पैलतीरावरून निघालेली, आत नावाडी आणि अकरा माणसं. वल्ह्यांचा आवाज हळूहळू धबधब्याकडे सरकू लागला. काठावर सारं गाव धावत आलं. बाईने तुतारी ओठांना लावली.

आवाज निघाला आणि माणसं जागच्या जागी थिजली. कुत्री भुंकायची थांबली. पलीकडच्या डोंगराने तो आवाज जसाच्या तसा परत दिला. भंगारातल्या पितळेत एवढं काही दडलेलं असेल, असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. म्हातारा तांबटसुद्धा हात जोडून उभा राहिला.

ओठ फुटेपर्यंत ती फुंकत राहिली. मग पांढऱ्या धुक्यातून नावेचं टोक बाहेर आलं.

तोच दुकानदार आता चिंचेचा गोळा घेऊन धावला. "द्या इकडे, लख्ख करून देतो."

नावाडी म्हणाला, "राहू द्या. मला ती दिसलीच नाही, फक्त ऐकू आली."

लहानांनो, थोरांनो, ज्याची हाक दूर पोहोचायला हवी, त्याने झळाळीआधी आतली वाट मोकळी करावी.